असं कोणी खेळत नाही

बुद्धिबळात माणूस हरतो तो पहिल्या दहा खेळ्यांत, आणि त्या दहा खेळ्यांचा प्रश्न मी कायमचा सोडवून टाकला होता. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गोडदेवच्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याला मी हे सांगत होतो.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत दुसऱ्या मजल्यावरच्या गुणवंतभाईंनी मला चौदा खेळ्यांत मात दिली होती. गुणवंतभाईंचं केबिन रोडला कापडाचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते जाडजूड पुस्तकं काढून सुरुवातीच्या खेळ्या पाठ करत बसायचे. मी टपालखात्यातला माणूस. पहाटे पाळीला जायचो, चारला घरी यायचो. पाठांतराला डोकं उरायचं नाही. पण चौदा खेळ्या म्हणजे फारच कमी. त्यानंतर जिन्यात भेटले की ते "कैसे हो, कारखानीसभाई?" असं इतक्या मायेने विचारायचे की मला जेवण जायचं नाही.

मग रद्दीवाल्याकडे एक पातळसं पुस्तक मिळालं. त्यात पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एक साधी सुरुवात दिली होती. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, राजापुढचं प्यादं एक घर, मग घोडा, मग दुसरा उंट. समोरचा काहीही खेळो, आपण हेच खेळायचं. पाठांतर नाही, मारामारी नाही. आपलं घर नीट लावायचं आणि राजाला कोपऱ्यात सुखरूप बसवायचं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला याहून जास्त काही नको होतं.

सरावाला समोर कोणीतरी हवं होतं. माझ्या बायकोला, सुचेताला, मोहरे कसे चालतात तेवढं माहीत होतं. रोज पाच वाजता, नळाला पाणी यायच्या आधी, आम्ही पट मांडायचो. ती मेथी निवडता निवडता काळे मोहरे हलवायची.

तिची एक खोड होती. माझा उंट बाहेर पडला की तिचा वजीर तिरपा निघायचा आणि माझ्या हत्तीजवळच्या एका प्याद्यावर रोखून उभा राहायचा.

"तिथे नको," मी म्हणायचो. "असं कोणी खेळत नाही. परत घे."

ती निमूट परत घ्यायची, आणि माझी पुढची खेळी पुस्तकाप्रमाणे व्हायची.

असे दोन महिने गेले. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण रोज तासभर समोरासमोर आम्ही कधी बसलो नव्हतो. मेथी संपली की ती गवार घ्यायची, पण उठायची नाही.

मंडळाचे महिपत भोईर नावं लिहून घ्यायला आले. गोडदेवचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. म्हणाले, "पंधरा झालीत, एक कमी हाय. सोळा न्हाय झाली तर जोड्या कशा लावू?"

"हिचं घाला," मी म्हणालो. "माझ्या हाताखाली तयार झाली आहे."

"अहो, मला काय येतंय?" सुचेता आतून म्हणाली.

"नुसतं बसायचं," मी म्हणालो.

रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या फेरीत माझ्यासमोर सुचेता. पांढरे मोहरे मला. लोक हसले. मला तिची थोडी काळजी वाटली, आणि पुढच्या फेरीसाठी ताकद शिल्लक राहणार म्हणून बरंही वाटलं.

मी प्यादं सारलं, उंट काढला, दुसरं प्यादं एक घर सारलं. तिचा वजीर निघाला आणि त्याच प्याद्यावर रोखून उभा राहिला. 'परत घे' अगदी ओठांवर आलं होतं, पण शेजारी महिपत भोईर उभे होते. मी घोडा काढला. तिने प्यादं मारलं. आता थांबून विचार करायला हवा होता. पण दोन महिन्यांच्या सवयीने हात दुसऱ्या उंटाकडे गेला. उंट ठेवून मी घाम पुसला.

सुचेताने माझ्या हत्तीला हात लावला आणि ती थबकली. 

"अहो, याच्यामागे कोणीच नाही," ती हळूच म्हणाली. "घेऊ? की परत ठेवू?"

"वैनी, हात लावलाय," महिपत म्हणाले. "आता घ्यायाच लागंल."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते.

"घे," मी म्हणालो. "बरोबर आहे ते."

तिने हत्ती दोन्ही हातांनी उचलला, देव्हाऱ्यातला देव उचलावा तसा. पुढे तिने काही हुशारी केली नाही. ती माझे मारत गेली, आपले मारू देत गेली, आणि शेवटी तिच्याकडे एक हत्ती जास्त उरला. एकतिसाव्या खेळीला मी राजा आडवा केला.

केबिन रोडने परत येताना आम्ही भाजी घेतली. भाजीवाल्याशी तिने घासाघीससुद्धा केली नाही. शेवटी मीच विचारलं, "वजीर तिथे का नेलास?"

"तुम्ही रोज म्हणायचात, असं कोणी खेळत नाही. का खेळत नाही, ते कधी सांगितलं नाहीत. मला बघायचं होतं."

"मलाही माहीत नव्हतं," मी म्हणालो.

पंधरा वर्षांत हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असावं. तिने भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

पुढच्या रविवारी तिच्यासमोर गुणवंतभाई होते. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तिने त्यांना हरवलं असतं तर माझ्या हरण्यालाही थोडी इज्जत आली असती. सगळ्या सोसायटीत तिच्यासाठी माझ्याइतकी मनापासून प्रार्थना कोणी केली नसेल.

गुणवंतभाईंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं, मग घोडा काढला. सुचेताने पटाकडे खूप वेळ पाहिलं, मग मान वळवून मला विचारलं, "अहो, यांचा तो उंट कधी बाहेर येणार?"

नवव्या खेळीला तिच्यावर मात झाली. गुणवंतभाई उठले, तिला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाभी को तो बस एक ही खेल आता है, कारखानीसभाई. आपका."

खरंच होतं ते. सोळा जणांत ती ज्याला हरवू शकेल असा एकच माणूस होता, आणि चिठ्ठीत नेमका तोच निघाला.