जास्तीचा खड्डा

पिठल्याचा पहिला घास तोंडात असताना "विद्या, तुझा खड्डा त्या करवंदीच्या जाळीमागं आहे बरं का" असं सांगणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी महिन्यातून एकदा पाहते. सूर असा, की लग्नाच्या पंगतीत कुणाचं पान कुठं मांडलंय ते सांगतायत. "मंदार, तुम्ही त्या काळ्या दगडापलीकडं. केतकी, तुला अंजनीच्या झाडाखाली मऊ माती मिळालीय. आणि उजव्या अंगाला कुणी जायचं नाही, तिकडं पाणी आहे." एवढं सांगून त्या शांतपणे भाकरी मोडतात. बाकीच्यांचे घास हातात राहतात.

या आमच्या आवटी सिस्टर. सांगलीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांची उभी हयात गेली. नोकरी संपली, पण वॉर्ड काही अंगातून गेला नाही. जिन्यात भेटलं तर लोक "कसं काय" विचारतात, सिस्टर "झाली का?" विचारतात. काय झाली, ते सांगावं लागत नाही. चुकून "नाही" म्हणालात तर जिन्यातच तपासणी होते, आणि संध्याकाळी वाटीभर भिजवलेल्या मनुका घरपोच येतात. कुणी लाजलं की त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. "त्यात काय एवढं? माणसाचं आहे, माणसानंच बघायचं."

आमचं एक भटकं मंडळ आहे. मोजकी माणसं आणि एक भाड्याची जीप. सातारा-सांगलीकडच्या डोंगरात कुठं गायरान, कुठं मोकळं पठार सापडेल तिथं शनिवारी तंबू ठोकायचा आणि रविवारी परतायचं. मंदार आमचा म्होरक्या, एका कंपनीत मोठा साहेब आहे. त्याचा तंबू परदेशी, बूट परदेशी, कपाळाला बांधायची बॅटरीसुद्धा परदेशी. सकाळी उठून जायचं कुठं, याचा विचार मात्र त्यानं किंवा आमच्यापैकी कुणीच केलेला नव्हता. ज्याच्या पाठीवर एव्हरेस्टला पुरेल एवढं सामान, तो गृहस्थ पहाटे पाण्याची बाटली पाठीमागं लपवून "जरा सूर्योदय बघून येतो" म्हणायचा आणि झुडपामागं पांढऱ्या कागदांची तोरणं लावून परत यायचा. असल्या झुडपाचा पुढून फोटो काढून "निसर्गाच्या कुशीत" म्हणून टाकायला आमच्यात कुणालाच काही वाटत नव्हतं.

सिस्टर आल्या आणि सगळ्यांचे सूर्योदय बंद झाले.

त्यांच्या पिशवीत एक खुरपं, एक राखेचा डबा, आडोशाला दोन जुन्या साड्या आणि घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा असतो. तंबू उभे राहायच्या आत त्या पठार फिरून येतात. खड्डा कुठं घ्यायचा? झरा, ओढा, पायवाट यांच्यापासून लांब, आणि माती काळी, पालापाचोळ्याची. खोल किती? खुरपं दांड्यासकट उभं बुडेल एवढा. वरचं गवत मातीसकट अख्खं उचलून बाजूला ठेवायचं, काम झालं की माती, राख आणि वर ते गवत परत तसंच बसवायचं. कागद मातीत पुरायचा नाही. तो पुडीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायचा आणि डबा सांगलीला न्यायचा. तो डबा एकदा मंदारनं लाडवांचा समजून उघडला होता. तेव्हापासून तो सिस्टरांच्या पिशवीकडं बघतसुद्धा नाही.

तंबूपासून खड्डा किती लांब असावा, याचंही त्यांचं माप आहे. "हाक ऐकू यावी, तोंड ओळखू येऊ नये." सकाळी त्या खरंच हाका मारतात. एकेकाच्या नावानं, अख्ख्या पठाराला ऐकू जाईल अशा. केतकी म्हणजे मंदारची बायको. तिची एक मैत्रीण फक्त एकदाच आमच्याबरोबर आली. "केतकी, तुझ्या मैत्रिणीचं काय अडलंय बघ गं" ही हाक समोरच्या डोंगरावरून परत आली, त्यानंतर ती कधी आली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. सिस्टर नेहमी एक काठी घेऊन येतात, वरच्या टोकाला दुबेळकं, म्हणजे बेचकं असलेली, चांगली जाडजूड. ती त्या टेकत कधीच नाहीत. चढावर माझी जीभ बाहेर येते, त्या काठी खांद्यावर टाकून पुढं जातात. दुसरी गोष्ट म्हणजे खड्ड्यांची. माणसं असतील तेवढे खड्डे, आणि वर एक जास्तीचा. एकदा मी म्हटलं, मला तोच द्या, जवळ पडतो. तर म्हणाल्या, "तो नाही." कशाला खणता मग, विचारलं तर "असू दे, अडीनडीला." नर्सबाई आहेत, एखादी खाट राखून ठेवायची सवय असेल, असं मी धरून चालले.

तर गेल्या खेपेला निघायच्या आधी मंदारनं मला गाठलं. "विद्याताई, तुम्ही त्यांच्या शेजारी. तुम्हीच सांगा त्यांना, पुढच्या वेळेपासून नका येऊ म्हणून. नवीन लोक टिकत नाहीत हो. जेवताना कुणी हे बोलतं का? आणि तो डबा." केतकीनं मान हलवली. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्या हाका मलाही नको व्हायच्या. मी म्हटलं, बघते. रविवारी परत निघायच्या आत सांगायचं ठरलं.

सोपं नव्हतं ते. आवटीकाका गेल्यापासून सिस्टर महिन्यातून या एका शनिवारीच काय त्या नटतात. काकांचं आणि त्यांचं हे डोंगराचं वेड जुनं, दोघंच एसटीनं जायचे. आता आदल्या आठवड्यापासून वर खुरपं घासल्याचा आवाज येतो, आणि जिन्यात राखेचे ठिपके दिसतात. बाकी महिनाभर वरून टीव्हीशिवाय आवाज नसतो. हे सगळं बंद करायचं काम माझ्याकडं आलं होतं.

पाटणच्या वरच्या अंगाला एका गावाचं गायरान आहे, तिथं आम्ही पोचलो. जीपमधून उतरताना माझा पाय घसरला आणि गुडघा पिरगळला. मी तंबूत पाय शेकत बसले, सिस्टर खुरपं घेऊन बाहेर पडल्या. दिवस मावळायला आला होता. तेवढ्यात खालून चार-पाच गडी काठ्या घेऊन वर आले आणि थेट सिस्टरांपाशी गेले. मी लंगडत मागं, मंदार माझ्या मागं.

पुढच्या पांढऱ्या टोपीवाल्या काकांनी विचारलं, "आवं बाई, काय काढताय हितं?"

"काढत नाही," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "घालायला खणतेय."

गडी एकमेकांकडं बघायला लागले. एकटी बाई, कातरवेळ, हातात खुरपं, ठिकठिकाणी उकरलेले खड्डे, शेजारी राख. वर अवस तोंडावर आलेली. कुणाच्याही डोक्यात गुप्तधनच यावं.

"राख कशापाय आणलीया? आन लिंबू कुटं हाय?" एका तरुणानं दरडावून विचारलं.

"लिंबं तंबूत आहेत, सरबताची. करू का तुम्हाला?"

मंदार माझ्या कानात "पोलिसांना फोन करू का" म्हणत होता. सिस्टर उठल्या, पदराला हात पुसले आणि त्या टोपीवाल्या काकांना खड्ड्यापाशी उभं करून, हा खड्डा कशाचा, किती खोल, गवत परत कसं बसवायचं, सगळं समजावून सांगितलं. आवाज तोच, जेवताना असतो तसा. काका ऐकता ऐकता लाजून लाल झाले. टोपी काढून परत घातली.

"व्हय की," शेवटी ते म्हणाले. "आमी आलतो भांडायलाच. गेल्या महिन्यात पुन्याकडचं तंबूवालं आलतं. झऱ्याच्या डोईवरच बसलं की समदं. कागुद न् काय काय तसंच टाकून गेलं. म्हसरं बी त्या पान्याला त्वांड लावंनात. आवं, खाली पाटी बघितली न्हवं? गाव हागणदारीमुक्त हाय आमचं. दारादारात संडास बांधलं आमी, म्हाताऱ्या मान्सांना दमात घिऊन सवय लावली. आन तुमी शिकली-सवरली मान्सं गाडीत बसून आमच्या रानात हागाया येताय व्हय?"

मंदार बूट बघत होता.

"आता ह्या बाई असल्या तर कवाबी या," काका जाताना म्हणाले. "ह्या न्हाईत तर तुमीबी न्हाई." मला वाटलं, सुटले, आता काही सांगावं लागणार नाही. पण तंबूकडं येताना मंदार म्हणाला, "दर वेळी कुठं इथंच यायचंय आपल्याला. उद्या सांगा हं तेवढं."

सकाळी उठले तर गुडघा नारळाएवढा. करवंदीमागचा माझा खड्डा उतारावर. तिथवर जाऊन मी परत आले, कारण बसायला गुडघा वाकेना, आणि पोट काही गुडघ्याचं ऐकेना. सिस्टरांची फेरी सुरू झाली होती.

"झाली का?"

"नाही."

"का?"

"गुडघा."

त्या थांबल्या. हाक नाही, चार प्रश्न नाहीत. वाकून माझा गुडघा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "चल."

पठाराच्या टोकाला घेऊन गेल्या. तिथं तो जास्तीचा खड्डा होता. बाकी सगळे झुडपांत दडवलेले, हा मात्र सपाटीवर, मागून एका साडीचा आडोसा आणि समोर सगळी कोयनेची दरी मोकळी. खड्ड्यापुढं ती दुबेळक्याची काठी जमिनीत घट्ट ठोकलेली. धरून बसता यावं, धरून उठता यावं म्हणून. दुबेळकं हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"अर्धवटच बस, वजन काठीवर टाक. मी पाठ करून उभी आहे."

मी बसले. खाली धुकं होतं. त्यांनी पाठमोऱ्याच बोलायला सुरुवात केली.

"तुझ्या काकांचे गुडघे कबड्डीत गेले. पण दरी दिसल्याशिवाय होत नसे त्यांना. एवढं पठार पडलंय, मी म्हणायचे, बसा की कुठंही. तर नाही. आधी जागा बघायची, मग मी खणायचं, काठी ठोकायची. मग राजासारखे बसणार आणि तिथून मला हाका मारणार, सुमन, घार बघ, सुमन, ते धरणाचं पाणी बघ. मी म्हणायचे, आधी उरका."

पाठमोऱ्यानंच त्यांनी आडोशाची साडी नीट केली.

"शेवटचे महिने पलंगावर होते ना. भांडं मीच द्यायचे. मिरजेत एवढ्या लोकांचं केलं, कुणाला माझी लाज नाही वाटली. ह्यांना वाटायची. तोंड भिंतीकडं करून घ्यायचे. एकदा म्हणाले, सुमन, मला एकदा वर ने, दरीकडं तोंड करून बसव. कसं नेणार गं? जिना उतरवत नव्हता. नेता नाही आलं मला."

मी काठीवरचं वजन दुसऱ्या हातावर घेतलं.

"म्हणून खणते. येणार नाहीत, कळतं मला, डोकं ठिकाणावर आहे. पण एवढी चांगली जागा दिसली की हात थांबत नाहीत."

मला रडू फुटलं. माणसानं रडावं कधी, बसावं कसं, याला काही धरबंद असतो. मी त्या काठीला दोन्ही हातांनी धरून, त्या अवस्थेत, हुंदके देत होते. सिस्टरांनी मागं न बघताच विचारलं, "दुखतंय का फार? कळ येतेय?"

"नाही," मी म्हटलं. "झाली."

उठायला त्यांनीच हात दिला. मी खुरप्याला हात घातला, तो त्यांनी बाजूला सारला. माती लोटली, राख टाकली, गवत बसवलं, तळव्यानं थापटलं. "दर वेळी रिकामाच बुजवते हा," त्या म्हणाल्या. "रिकामा बुजवताना हात फार जड होतात. आज नाही झाले." मग काठी हलवून हलवून उपटली आणि टोकाची माती गवताला पुसली. परतताना मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं.

जीप निघाली. सिस्टर पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर काठी आडवी आणि पायाशी डबा. घाट लागायच्या आधी त्यांनी मान वळवून सगळ्यांवर नजर फिरवली. "कुणाची राहिली असेल तर आत्ता सांगा. पुढं कराडपर्यंत धड जागा नाही." केतकीनं खिडकीबाहेर बघितलं. ड्रायव्हर हसला.

मंदार माझ्याकडं वाकला आणि हळूच म्हणाला, "सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, पुढच्या महिन्यात बामणोलीच्या वरच्या पठारावर जायचंय. दरी छान दिसते म्हणे."

"अहो, आणि त्या?"

"येते म्हणाल्या."