मजकुरावरची पेन्सिल

आमचं पडद्यांचं दुकान. कापड मी विकतो, शिवणकाम बायको बघते. (दुकान कोण बघतं, यावर दोन मतं आहेत.) मुलीनं दुकानाचं वेबपेज तयार केलं आणि म्हणाली, "बाबा, मजकुरावर बोट ठेवलं की पेन्सिल दिसेल. तिथल्या तिथे बदला."

मला नवी वस्तू दिसली की ती चालते कशी, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. (घरातली दोन घड्याळं त्यापायीच बंद आहेत.) त्या दुपारी एका हॉटेलचे मॅनेजर हेच पान बघून साठ खोल्यांच्या पडद्यांचं ठरवणार होते. बायकोनं त्यासाठी महिनाभर खपून नमुने शिवले होते. म्हटलं, तोवर जरा पेन्सिल बघू.

बोट ठेवलं, पेन्सिल आली. 'पडदे सुबक शिवून मिळतील' या ओळीपुढे आपलं गंमत म्हणून लिहिलं, 'मात्र शिवणाऱ्या बाई कुणाचं ऐकत नाहीत.'

आता माझा तीस वर्षांचा शिरस्ता असा, की कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं. हाच रंग ना? एवढंच ना? कापू ना? तसं हे पानही विचारेल म्हणून मी वाट बघत बसलो. ते काही विचारेना. 'सेव्ह' दिसेना, 'रद्द' दिसेना. शेवटी नाद सोडून बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. पेन्सिल गेली, ओळ राहिली.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बाहेर बोट लागलं की आपोआप सेव्ह होतं, सोय आहे ती. कुणाची, असं मी विचारेपर्यंत तिला मीटिंगला बोलावलं. मग स्वतःच ओळ पुसायला गेलो. माझं बोट जाडं. पेन्सिल आली ती खालच्या ओळीवर आणि माझा फोन नंबर पुसला गेला. उरला बायकोचा.

पाच मिनिटांत तिचा फोन वाजला. शिलाई मशीन थांबलं. पलीकडचं ऐकून घेत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हो, मीच ती. कुणाचं न ऐकणारी."

मॅनेजरांचं म्हणणं असं, की आधीचा शिंपी सगळ्यांचं ऐकायचा, म्हणून आज प्रत्येक खोलीत पडद्याची उंची वेगळी आहे. साठही खोल्यांचं काम मिळालं. अट एकच, बोलणं फक्त बाईंशी होईल.

संध्याकाळी मुलीनं चूक मान्य केली आणि पान दुरुस्त केलं. आता मी काहीही बदललं की ते आधी विचारतं, 'आईला विचारलंत का?'

खाली बटण एकच आहे, 'विचारून येतो'.