बिनबाणाचे चुरीकाका

आमच्या बोईसरच्या सोसायटीतल्या चुरीकाकांकडे तीन धनुष्यं आहेत आणि बाण एकही नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांचा एक बाण गच्चीवरून सुटला आणि सेक्रेटरींच्या पाण्याच्या टाकीत घुसला. तेव्हा तातडीची सभा भरवून बाणांवर बंदी घातली गेली. काकांच्या तोंडावर बंदी घालायचं मात्र कुणालाच सुचलं नाही आणि ती चूक आम्ही अजून भोगतो आहोत.

काका माहीमचे, म्हणजे केळव्याजवळच्या आमच्या माहीमचे. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्सला काढली. रिटायर झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. यांनी धनुष्यं काढली.

"पाटील, ताण कुठं साठला ते सांगा!" असं म्हणत ते मला जिन्यात अडवतात. माझ्या डोक्यात, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवून ते चूक ठरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. साधं लांब धनुष्य ओढाल तितकं जड होत जातं. दुसरं रिकर्व्ह, त्याची टोकं पुढं वळलेली, म्हणून ते आखूड असूनही जोर जास्त. आणि तिसऱ्याला, म्हणजे कंपाउंडला, टोकांना कप्प्या. "आदी घाट, मग सपाटी!" इथं काकांचा आवाज चढतो. "मधी जीव काढतं, पण पुरं ओढलं का एकदम हलकं. मग निवांत नेम धरा." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीही कुणाला तरी अडवून सांगेन, अशी माझ्या बायकोला धास्ती आहे.

जवळच्या दांडी गावात मासळी घ्यायला गेलो, तर यांनी सुका बोंबील हातात घेऊन वाकवायला सुरुवात केली. तो मोडला. "बघा, ताण मावला नाय!" काका विजयी मुद्रेनं म्हणाले. कोळीण म्हणाली, "मोडला तो तुजा. पिशवी उघड."

बाजारात डोंगराकडचा एक म्हातारा रानभाजी विकत होता. त्यालाही काकांनी कप्प्या समजावल्या. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माज्या बापाचं बांबूचं होतं. दोरी बी बांबूच्याच सालीची. कप्पी नाय नं काय नाय. रानडुक्कर शेतात पाय ठेवत नव्हतं." काका दोन दिवस गप्प होते. सोसायटीला फार बरं वाटलं.

खरी करमणूक मात्र रोज सकाळी गच्चीवर. काका कंपाउंड उचलतात, डाव्या हातानं दोरी ओढतात, मान वाकडी, जीभ बाहेर, कोपर वाळत घातलेल्या चादरीत. निम्म्या घाटातच हात थरथरायला लागतो. मग तितक्याच कष्टानं दोरी इंच इंच परत जागेवर नेतात, कारण बाण नसताना दोरी सोडायची नाही, हा त्यांचा सर्वात मोठा नियम. "जोर जाणार कुठं? धनुष्यातच फुटतो!" आम्ही चहाचे कप घेऊन हा खेळ बघायचो. नक्कल मी सगळ्यांत चांगली करायचो.

आणि गेली तीन वर्षं त्यांची माझ्याकडे एकच मागणी होती. "पाटील, एकदा तुमी ओढून बघा." दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. मी कंबर, खांदा, उपास, जे सुचेल ते पुढं केलं. ओढलं की पुढं दोन तास व्याख्यान, हे ठरलेलं.

शेवटी धनुष्यंही सोसायटीतून हलवा, असं पत्र कमिटीनं काढलं. ते द्यायचं काम मी हौसेनं मागून घेतलं.

काकांनी पत्र वाचलं, घडी केली. "नेतो माहीमला. पण आज तरी ओढा, पाटील. रविवारी सायली येते."

सायली त्यांची मुलगी, नागपूरला नोकरी करते. ती पूर्वी कसलीशी नेमबाजी करायची, एवढं ऐकून होतो.

"पण मीच का, काका?"

"तुमी डावरे. रजिस्टरात सही करताना बगितलं. हे डावऱ्यांचं धनुष्य हाय. मला कसं जमंल? मी उजवा."

चहाचा कप घेऊन तीन वर्षं मी काय बघत होतो, ते मला तेव्हा कळलं.

"तिरंदाजीच्या निवडीला तिचा नेम चुकला," काका दोरीकडे बघत म्हणाले. "मी तितंच, सगळ्यांसमोर वरडलो. मला धनुष्यातलं काय कळत होतं? तिनं रिकामी दोरी ओढली नं सोडून दिली. तुकडं झालं. सहा वर्सं झाली. फोन करते, गोळ्या घेतल्या का इचारते. धनुष्याचं नाव काडत नाय. मी मेंटेनन्सचा माणूस. मोडलं तर जुळवायला नको? तिच्या मापाचं आणलं, शिकून शिकून जुळवलं. पण बरोबर हाय का, ते डावऱ्याशिवाय कसं कळंल?"

मला माझीच लाज वाटली. मी धनुष्य उजव्या हातात धरलं आणि डाव्यानं ओढलं. घाट खरंच होता, खांदा करकरला. मग एकदम सगळं हलकं झालं.

"नाकापत्तर आली दोरी?"

"नाही, काका. अलीकडेच अडते. मला तोकडं पडतंय."

एवढी तीन वर्षं थांबून माणसाला हे ऐकावं लागलं, म्हणून मला वाईट वाटलं. पण काकांनी माझ्या खांद्याशी आडवा हात धरला आणि तो हात कितीतरी वेळ तिथंच ठेवला.

"ती तुमच्या हितवर लागते," ते म्हणाले. "तुमाला तोकडं, मंजे तिला बरोबर." मग घाईघाईनं त्यांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "सोडू नका हां. हळूहळू परत जागेवर न्या. मी हाय."