वृंदाबाईंनी गाऱ्हाणेखाना सोडिला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, घरच्या देवास नमन, आणि दिवसभर लोकांचे ऐकोन ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्या समस्त सज्जनांस नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी वृंदाबाई खटावकर यांनी मोठे पद आणि मोठा तनखा सोडोन लहान तनख्याची चाकरी पत्करिली. लोकांनी नवल केले. कोणी म्हणाले वेड लागले, कोणी म्हणाले साहेबाशी वाजले, आणि ज्यांस काहीच ठाऊक नव्हते ते सर्वांहून अधिक बोलिले. तरी खरे वर्तमान मागे राहावे म्हणोन ही हकीकत लिहिली. लिहिणार त्याच दरबारी तिसरे रांगेत चाकरीस आहे, सबब आपले नाव सांगत नाही आणि राज्याचेही सांगत नाही. समजणारे समजतील.

राज्य ऐसे की, प्रजेने घरी बसोन बोट दाबावे आणि राज्याने भांडी, कपडे, चपला, पंखे, जे मागेल ते दारी पोचते करावे. परंतु राज्य थोर जाहले म्हणजे घोटाळेही थोर होतात. कुकर पोचे आणि शिटी न पोचे. चपला पोचत, त्या दोन्ही डाव्या. एका गृहस्थाने मुलीचे लग्नासाठी शेरवानी मागविली, त्यास रेनकोट गेला. मग प्रजा खवळे आणि फोन करी, आणि त्या खवळलेल्या प्रजेस थोपवावे म्हणोन राजधानीत काचेचा महाल उठवोन तेथे गाऱ्हाणेखाना वसविला. कानांस यंत्रे लावोन रांगांनी माणसे बसविली, आणि त्या साऱ्यांवर सरदारी वृंदाबाईंची.

या खान्याचा एक रिवाज होता, त्यास त्रिवार दिलगिरी म्हणत. फोन उचलताच एक दिलगिरी, मध्ये एक, आणि निरोप घेताना एक. कसूर कोणाची हे पाहणे नाही. गृहस्थाने पंखा आपल्याच हाताने उलटा लाविला असला तरी दिलगिरी आमचीच. पाळतदार चोरोन बोलणे ऐकत, आणि कोणी एक दिलगिरी चुकला तर त्याचे नावापुढे तांबडी खूण पडे. आम्ही चुकत असू. बाई कधी चुकल्या नाहीत. त्यांचा आवाज ऐसा की, शिव्या देत आलेला मनुष्य शेवटी घरी मुलेबाळे खुशाल आहेत ना ऐसे पुसोन फोन ठेवी. नवे पोर शिव्या ऐकोन रडू लागले तर बाई उठत, त्याचे कानाचे यंत्र काढोन आपले कानास लावीत, राहिलेल्या शिव्या आपण खात, आणि त्या पोरास चहास धाडीत. या लेखकासही ऐसे चहास धाडिले आहे. ते उपकार येथेच नमूद करितो, कारण पुढे गडबडीत राहून जाईल.

आता या चाकरीस नुसती नावे ठेवावी तर तेही पाप. बाईंचे यजमान हेमंतराव यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापीत, अक्षर देखणे, हळद-कुंकवाची बोटे लावोन पत्रिका देत. पुढे लोक पत्रिका फोनवरच धाडू लागले, आणि छापखाना बसला. तेव्हा घराचे हप्ते, कन्या रेणू हिची शाळा, सासूबाईंचे गुडघे, हे सर्व त्या गाऱ्हाणेखान्याने सांभाळिले. पगार कधी एक दिवस चुकला नाही. बाई हे जाणोन होत्या, आणि सकाळी कामास बसण्यापूर्वी कानयंत्रास नमस्कार करीत. आम्ही हसत असू. त्या म्हणत, "हसा. पण जिच्यावर चूल पेटते तिच्या पाया पडावं."

परंतु दिलगिरी हळूहळू हाडी मुरली. बाईंचा धक्का दारास लागला तर त्या दाराची क्षमा मागत. रिक्षावाल्याने उद्धटपणे नाही म्हटले तर त्याचीही मागत. दूध उतू गेले तर दुधास म्हणत, आपली गैरसोय झाली. एकदा तर आरती आटोपोन हात जोडिले आणि प्रत्यक्ष देवीस पुसिले की आणखी काही सेवा करू शकते का, त्यावर रेणू इतकी हसली की प्रसाद सांडला. मग झोप उडाली. मग शेजारच्या घरी कुकरची शिटी वाजली तरी छातीत धस्स होऊ लागले. डॉक्टरांनी पट्टा बांधोन रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, चाकरी बदला, नाहीतर आपण गोळ्या बदलत राहू. बाईंनी डॉक्टरांचीही क्षमा मागितली.

अशात एके रविवारी बाई कढीलिंबाचे रोप आणावयास शहराबाहेर ओढ्याकाठी गेल्या. तेथे सुपेकरबाई म्हणोन एक वडीलधारी बाई रोपवाटिका चालवितात, काष्टा नेसतात, बोलणे रोखठोक. वृंदाबाईंचा पाय मोगऱ्याचे कुंडीस लागला, कुंडी कलंडली, आणि बाईंनी त्या मोगऱ्यास तीनही दिलगिऱ्या ओळीने म्हणोन दाखविल्या. सुपेकरबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, ते झाड आहे. त्याला राग येत नाही. पाणी घाल, झालं." मग त्यांनी बाईंस बाकावर बसवोन चहा दिला, सारी विचारपूस केली, आणि सांगितले की मजकडे गिऱ्हाईक फार येते, मला गोड बोलावयास जमत नाही, ते तुम्हांस जमते, परंतु तनखा तुमचे आजचे तनख्याचे निम्मा, वाढेल ऐसा भरवसा नाही, येत असल्यास यावे.

बाई रोप घेवोन घरी आल्या आणि घरी खलबत बैसले. स्थळ स्वयंपाकघर. सासूबाई, म्हणजे आमच्या राजमाता, लसूण सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, हातचे सोडोन पळत्याचे पाठी लागू नये. हेमंतराव म्हणाले, तुझी इच्छा तेच माझे मत. परंतु बोलताना त्यांचे लक्ष भिंतीवरील हप्त्यांच्या कॅलेंडराकडे गेले, आणि ते बाईंनी पाहिले. छापखाना बसलियापासून हेमंतराव एका दुकानी फलक रंगवावयाचे काम करीत, मिळकत बेताची. मग बाईच म्हणाल्या की, झाडे काय, कुंडीत लावून गच्चीवरही होतात. ऐसे म्हणोन विषय मिटविला आणि कढीलिंब गच्चीवर ठेविला. मसलत ठरली की जागचे हलू नये. दुसरे दिवशी बाई दरबारी आल्या, कानयंत्रास नमस्कार केला, आणि दिवसभर पूर्ववत क्षमा मागितली. डोळ्यांखाली काळे जाहले होते. आम्ही पुसिले नाही, कारण पुसिले असते तर आमचीही क्षमा मागितली असती.

येथे बाईंचे वडिलांचे वर्तमान सांगणे प्राप्त. त्यांस सर्व अण्णा म्हणत. तालुक्याचे गावी घड्याळदुरुस्तीचे दुकान, डोळ्यास भिंग लावोन जन्म गेला. गेल्या वर्षी दोहो डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, काटे दिसेनात, दुकान बंद पडले, आणि फोन लावावयाचा तरी शेजाऱ्याकडोन लावून घेत. मार्गशीर्षात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जाहली. बाईंस रजा मिळाली नाही. त्या समयी राज्यात स्वस्ताईचा उत्सव होता, आणि उत्सवापाठी गाऱ्हाणी पुरासारखी येतात. बाईंचा धाकटा भाऊ अण्णांपाशी राहिला. बाईंनी मनास समजाविले की पट्टी सुटल्यावर कळेलच.

पट्टी सुटली ते दिवशी सायंकाळी बाई दरबारातोन येवोन भाकऱ्या करीत होत्या. हात पिठाचे, मान मोडलेली, डोके अजून काचेच्या महाली. फोन वाजला. बाईंनी न पाहता उचलोन खांद्याने कानाशी दाबिला आणि मुखातोन आपोआप निघाले, "नमस्कार, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बोला."

 पलीकडोन आवाज आला, "पट्टी काढली आज. सगळं दिसतंय. हा नंबर माझा मीच बघून लावला."

बाई भाकरी उलटीत होत्या. म्हणाल्या, "आपल्याला त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व. नोंद घेतली आहे. आणखी काही सेवा करू शकते का?"

"नाही, ताई," पलीकडोन आले. "एवढंच सांगायचं होतं. तुम्हाला उगाच त्रास दिला."

"दिलगीर आहोत," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद जाहला. त्रिवार दिलगिरी पुरी जाहली. पाळतदार असता तर त्याने शाबासकी दिली असती.

रेणूने पुसिले, कोण होते. बाई म्हणाल्या, कोणी गिऱ्हाईक. रेणूने फोन उचलोन पाहिला आणि म्हणाली, "आई, आजोबा होते."

भाकरी तव्यावर करपली. बाई ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. ज्या बापाने वर्षानंतर डोळे उघडोन पहिला आकडा आपल्या लेकीचा लाविला, त्यास लेकीने नोंद घेतली म्हणोन सांगितले, आणि त्या बापाने लेकीस ताई म्हणोन, तुम्ही म्हणोन, मुकाट फोन ठेविला. लिहिताना हात थांबतो. मग बाईंनी पिठाच्या हातानेच उलट फोन लाविला. अण्णांनी उचलिला.

"अण्णा, तुम्ही बोलला का नाहीत? वृंदा, मी अण्णा, असं का म्हणाला नाहीत?"

"मला वाटलं साहेब समोर असेल," अण्णा म्हणाले. "तुझी अडचण व्हायला नको. नोकरी आहे बाळ, मला कळतं."

बाई रडू लागल्या आणि रडता रडता म्हणो लागल्या, माफ करा, माफ करा. तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पुरे. हे बघ, मी जन्मभर गिऱ्हाइकांना एकच सांगत आलो. बंद पडलेली घड्याळं कमी, जास्त किल्ली देऊन बिघडवलेली जास्त. तुला फार किल्ली बसलीये."

मग पुन्हा खलबत बैसले, स्थळ तेच. बाईंनी घडले ते सांगितले. हेमंतराव उठिले आणि त्यांनी कॅलेंडर भिंतीवरून काढोन कपाटाचे पाठी ठेविले. म्हणाले, "छापखाना बसला तेव्हा तू मला एक शब्द बोलली नाहीस. घर उचललंस. आता मी संध्याकाळचंही काम धरतो. तू जा ओढ्याकडे."  राजमाता म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. तर पाय थोडे आखडू. दुपारची भांडी मी घासते, भांडीवाली बंद करा. गुडघे बसून दुखतात, उभं राहून नाही." रेणू म्हणाली, शाळेचे सहलीस जात नाही. त्यावर तिघेही एकदम म्हणाले, जायचे. ऐसे घर ज्यास लाभले त्याने राज्याची हाव का करावी.

दुसरे दिवशी बाई थोरल्या साहेबांसमोर गेल्या. साहेब मनुष्य वाईट नव्हता. त्याने समजाविले, मोठा परगणा देतो म्हणाला, स्वतंत्र दालन देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, आपले अन्न खाल्ले, ते अंगी लागले, जन्मभर नाव घेईन. परंतु आता पोट भरले तरी माझे कान थकले.  साहेब म्हणाला, "तुम्हाला इथे त्रास झाला असेल तर…" आणि पुढला शब्द त्यास सापडेना, कारण त्याने तो आजवर इतरांकडोनच म्हणविला होता. बाई म्हणाल्या, "राहू द्या, साहेब. पोचलं." निघताना बाईंनी कानयंत्रास शेवटला नमस्कार केला. यावेळी आम्ही हसलो नाही. तिसरी रांग उठोन उभी राहिली, आणि पाच पंचवीस फोन वाजत राहिले ते वाजू दिले.

आता बाई ओढ्याकाठी आहेत. हा लेखक परवा कोथिंबिरीचे बी आणावयाचे मिषाने पाहून आला. काष्टा अजून जमत नाही, उन्हाने वर्ण रापला, परंतु डोळ्यांखालील काळे गेले. तनखा खरेच निम्मा. महिनाअखेर ओढाताण होते, हेमंतराव दोन दुकानांत रंगवितात, राजमाता उभ्याने भांडी घासतात आणि सुनेच्या कौतुकात त्याचा उल्लेख करीत जातात. कोणी गिऱ्हाईक येवोन म्हणाले की तुमचे रोप मेले, तर बाई म्हणतात, किती पाणी घातले होते ते सांगा. आणि बहुतकरोन कसूर गिऱ्हाइकाची निघते. झाडे गाऱ्हाणे करीत नाहीत. सुकतात, तेव्हा पाहावे लागते. आणि बाईंस पाहावयास आता वेळ आहे.

आम्ही तेथे असताच फोन वाजला. बाईंनी हातची माती पुसली, आधी नाव पाहिले, मग बाकावर निवांत बसोन उचलिला. म्हणाल्या, "बोला, अण्णा."

अण्णांचा आवाज मोठा, तो आम्हांसही आला. "काम काही नाही गं. उगाच केला."

"उगाच म्हणजे काय काय, ते सगळं सांगा," बाई म्हणाल्या, आणि पाय वर घेवोन बसल्या. अण्णा सांगू लागले. गिऱ्हाईक उभे राहिले, त्यास सुपेकरबाईंनी सांभाळिले, गोड न बोलताच.

येणेप्रमाणे जे पाहिले आणि ऐकिले ते लिहिले. सारांश इतकाच की, ज्या चाकरीने पोसले तिचे उपकार मानावे आणि वेळेवर तिचा निरोप घ्यावा, आणि निरोप घेताना घरचे पाठीशी असले तर देवाचेही उपकार मानावे. लेखनाचे शेवटी चुकीबद्दल क्षमा मागावी ऐसी वडिलांची चाल आहे. परंतु हा लेखक अद्याप तिसरे रांगेतच आहे आणि आज दिवसभर मागोन आला आहे, तरी येथे मागत नाही. वाचलेत, याबद्दल आभार मात्र मनापासून मानितो.