एका वेणीचं इतिवृत्त

माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडावंसं वाटतं, याबद्दल कुठेच दुमत नाही. दुमत असतं ते फक्त कुठल्या लेटरहेडवर, एवढ्यापुरतं. आमच्या उपनगरात घरं सहाशे चौदा आणि नोंदणीकृत सेवाभावी संस्था त्रेचाळीस आहेत. (आणखी तीन प्रस्तावित आहेत. त्यांच्यात नावावरून वाद चालू आहे, कारण तिघींनाही एकच नाव हवं आहे.)

या संस्थांचं काम पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. झाडं मोजणाऱ्या मंडळाचे सभासद दोनशे चाळीस आणि झाडं दोनशे बारा असल्यामुळे काही सभासदांना अर्ध्या झाडावर समाधान मानावं लागतं. पक्ष्यांना पाणी ठेवणारी मंडळं तीन आहेत. त्यांनी वार वाटून घेतले आहेत. रविवारी मात्र पक्ष्यांनी स्वावलंबी व्हावं अशी अपेक्षा आहे. शांतता राखणारं मंडळ महिन्यातून एकदा लाउडस्पीकर लावून जमतं. सगळ्या संस्थांमध्ये समन्वय साधणाऱ्या संस्था दोन असून त्यांचं एकमेकींशी बोलणं नाही.

यातल्या अकरा संस्थांचं चिटणीसपद एकाच गृहस्थाकडे आहे. ते वजनमापे तपासणीच्या खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळं उपनगर त्यांना चिटणीस म्हणतं. त्यांच्या पिशवीत अकरा रबरी शिक्के असतात. एकदा त्यांनी पक्ष्यांच्या पत्रावर रक्तदानाचा शिक्का मारला होता, ते सोडल्यास कारकीर्द निष्कलंक आहे. इतिवृत्तात 'मी' हा शब्द येता कामा नये, हा दंडक त्यांचाच. सभासदांचे तीन वर्गही त्यांनीच पाडले. आजीव, क्रियाशील आणि शुभेच्छुक. शुभेच्छुक म्हणजे जो संस्थेचा अहवाल वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. सर्वांत जास्त संख्या याच वर्गाची आहे आणि तक्रार सर्वांत कमी.

चिटणिसांची सगळ्यात लाडकी संस्था म्हणजे 'शेजारसाथ'. घरात कुणी आजारी पडलं तर शेजाऱ्यांनी हातभार लावायचा, असा साधा उद्देश. वशिलेबाजीला वाव राहू नये म्हणून चिटणिसांनी नियम नऊ घातला होता: पदाधिकाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना लाभ घेता येणार नाही. त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या. पुढे हिशेब केल्यावर लक्षात आलं की सहाशे चौदापैकी सहाशे एक घरांत निदान एक तरी पदाधिकारी आहे आणि उरलेल्या तेरा घरांना कुलूप आहे. त्यामुळे सात वर्षांत संस्थेवर पक्षपाताचा एकही आरोप झालेला नाही.

अशा परिस्थितीत चिटणिसांच्या पत्नीचं उजवं मनगट मोडलं. 'सुरक्षित घर, सुखी घर' या मोहिमेच्या पत्रकांचे गठ्ठे चिटणिसांनी पॅसेजमध्ये रचून ठेवले होते. त्यातल्या दुसऱ्या गठ्ठ्याला पत्नीचा पाय अडखळला. हात गळ्यात आला आणि पाच आठवडे प्लास्टर ठेवायला सांगितलं.

स्वयंपाक डाव्या हाताने कसाबसा रेटता येत होता. अडलं ते वेणीपाशी. चिटणिसांच्या पत्नीचे केस कमरेखाली होते. या घरातली त्यांच्या एकटीच्या मालकीची अशी ती एकच गोष्ट, बाकी सगळीकडे फायली होत्या.

"अहो, तेवढी वेणी घालून देता का?"

"आत्ता? साडेनऊला बैठक आहे."

"कशाची?"

"शेजारसाथची. गरजूंपर्यंत मदत का पोचत नाही, यावर चर्चा आहे."

"मग नक्की जा," त्या म्हणाल्या. चिटणिसांना हा पाठिंबा वाटला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची शिलाईवाली आली. ती तळमजल्यावरच्या दुकानात पँटी आखूड करायची, चेनी बदलायची आणि तिथेच राहायची, म्हणून सहाशे चौदा घरांत तिची मोजणी नव्हती. बैठकांच्या वेळी दुकान उघडं असल्यामुळे ती कुठल्याच संस्थेत नव्हती. उपनगरात तशी ती एकटीच असावी. तिने काही न विचारता कंगवा घेतला, दहा मिनिटांत वेणी घातली, प्लास्टर जाईल अशी बाही उसवून दिली आणि नऊच्या आत दुकान उघडलं. हे तिने नऊ दिवस केलं. अर्ज नाही, शिफारस नाही, फोटोसुद्धा नाही.

चिटणिसांना खरोखर भरून आलं. कृतज्ञतेने त्यांना रात्री झोप लागेना. पण भरून आलं की त्यांना एकच गोष्ट करता यायची, ती म्हणजे ठराव. त्यांनी शेजारसाथच्या बैठकीत शिलाईवालीच्या सत्काराचा ठराव मांडला. अध्यक्ष, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, गंभीर झाले.

"म्हणजे इतके दिवस आपल्या हद्दीत नोंदणीशिवाय मदत चालू होती?"

"मनाने चांगली आहे हो ती," चिटणीस म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. तिला बाहेर ठेवून चालणार नाही."

सत्कार दणक्यात झाला. तिला पुष्पगुच्छ, मानचिन्ह आणि शेजारसाथच्या नव्या शाखेचं अध्यक्षपद देण्यात आलं. शाखेची बैठक रोज सकाळी साडेआठला ठेवली, कारण दुकान उघडायच्या आधी नव्या अध्यक्षांना तीच वेळ मोकळी असते, असं चिटणिसांनीच खात्रीपूर्वक सांगितलं.

पुढच्या सकाळी शिलाईवाली दारात आली ती फाइल घेऊन. "वहिनी, आज जरा नाही जमणार. उद्या बघते हं." तिचा चेहरा पडलेला होता. मानचिन्ह दुकानात ठेवायला जागा नाही, हेही ती हळूच सांगून गेली. उद्या ती आली नाही. शाखेचे दोन स्वयंसेवक आले. आपण केस आठवड्यातून किती वेळा विंचरता, असा प्रश्न असलेला तक्ता त्यांनी भरून घेतला.

सहाव्या दिवशी चिटणीस पिशवी उचलून निघाले तेव्हा पत्नी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. केसांचा गुंता झाला होता. ती काही मागत नव्हती. कंगवा मांडीवर ठेवून नुसती बाहेर बघत होती. चिटणीस दारापर्यंत गेले, परत आले आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली.

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती वेणी रोज पाहिली होती, पण ती टोकाकडून सोडवत वर जायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दुखतंय का?"

"दुखतंय. पण थांबू नका."

गुंता सोडवायला पाऊण तास लागला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांची बैठक बुडाली. तीन पेड घेतले तर एक जाड व्हायचा, सारखे करायला जावं तर निसटायचे. शेवटी वेणी झाली. पत्नीने आरशात पाहिलं.

"वाकडी झालीये." मग वेणी खांद्यावरून पुढे घेत म्हणाली, "असू दे. उद्या नीट जमेल."

चिटणिसांना फार सुख झालं. अकरा शिक्क्यांनी मिळून कधी दिलं नव्हतं तेवढं. चौथ्या दिवशी वेणी जवळजवळ सरळ आली होती, शेवटचा पेड चालू होता, आणि दाराची घंटा वाजली.

"उघडू नका," पत्नी म्हणाली.

"नुसतं बघतो कोण आहे."

दारात दातांचे डॉक्टर, शिलाईवाली आणि पुष्पगुच्छ असे तिघे होते. खिडकीतून सगळं दिसलं होतं. चिटणिसांच्या हातात अजून रबरबँड होतं. सत्काराला नकार देण्याचा नमुना कुठल्याच फायलीत नव्हता, म्हणून त्यांनी होकार दिला.

अशा रीतीने 'घरच्यांसाठी थोडा वेळ' ही चव्वेचाळिसावी संस्था स्थापन झाली. चिटणीस तिचे संस्थापक अध्यक्ष आहेत. रोज सकाळी साडेआठला ते नवऱ्यांना वेणीचं प्रात्यक्षिक देतात. त्यासाठी सुतळीचा झुपका वापरतात. शेजारच्या दोन उपनगरांतूनही आमंत्रणं आहेत.

प्लास्टर निघायला दहा दिवस उरले असताना चिटणिसांच्या पत्नीने केस कानापर्यंत कापून घेतले. "आता कुणाचा वेळ नको," एवढंच म्हणाल्या, तेही रागाने नाही. संस्थेच्या पहिल्या अहवालात 'गरजूंची संख्या एकवरून शून्यावर' अशी नोंद आहे. त्यावर टाळ्या पडल्या. चिटणीस घरी आले की पत्नीची उघडी मान दिसते. तिकडे बघवत नाही, म्हणून ते अहवाल लिहायला बसतात.

हा त्यांपैकीच एक. इतिवृत्तात 'मी' येत नसल्यामुळे चिटणीस, चिटणीस असं लिहावं लागलं, ते वाचकांनी सांभाळून घ्यावं. इथवर वाचून ज्यांना हळहळ वाटली, त्यांची नोंद शुभेच्छुकांत केली आहे. वेगळा अर्ज नको. वाचताना आतल्या खोलीतून कुणीतरी एकदा हाक मारली होती आणि तुम्ही "झालंच, एवढं संपवतो" असं म्हणाला होतात. ते आजीव सदस्यत्वासाठी पुरेसं आहे.