दुःख निवडण्याची बैठक

नोकरीतून मोकळे झाल्यावर चंपतरावांनी ऐन मे महिन्यात ठरवलं, की उरलेलं आयुष्य एका दुःखाच्या निवारणाला वाहायचं. कोणत्या, एवढंच ठरायचं बाकी होतं.

पत्नी जिजाबाई बहिणीकडे उमरेडला गेल्या होत्या. जाताना एकच काम सांगून गेल्या : "फाटकाजवळचा रांजण रोज भरजा. येणारे-जाणारे त्याच्याच आशेवर राहतात."

त्या दिवशी नळ आला, तेव्हा चंपतरावांनी आधी कूलरची टाकी भरली. (घरी बैठक होती, आणि घामाघूम होऊन दुसऱ्याच्या दुःखाचा विचार करता येत नाही.) रांजणाची पाळी येईतो नळ गेला. काम तसं किरकोळच, असं म्हणून ते आत आले.

बैठकीला रामाजी आणि बाबाराव, हे कचेरीतले जुने सोबती. चंपतरावांनी दोन कसोट्या मांडल्या : दुःख मोठं हवं, आणि आपल्या हातून हटण्यासारखं हवं.

"हुंडा घ्या," ते म्हणाले.

"मोठा आहे," रामाजी म्हणाले, "पण हटत नाही." मागच्याच उन्हाळ्यात त्यांनी मुलाचं लग्न केलं होतं, त्यामुळं त्यांचं मत जाणकाराचं मानलं गेलं.

"मग दारू?"

"हटेल," बाबाराव म्हणाले, "पण तेवढं मोठं नाही गा ते." (बाबाराव संध्याकाळच्या बैठकीला कधीच येत नसत.)

वाळ्याच्या गार वाऱ्यात एकेक दुःख निकालात निघालं. बोलून घसा कोरडा पडत होता. घरातला माठ तळाला गेला.

तेवढ्यात फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. एस.टी. स्टँडवरून रिक्षावाल्या नत्थूनं जिजाबाईंना आणलं होतं. त्यानं रांजणाचं झाकण काढलं, लोटा आत घातला. लोटा तळाला कोरडा वाजला. नत्थू तिथंच खाली बसला, आणि मग आडवा झाला.

"अहो, पाणी आणा जी! लवकर!" जिजाबाई ओरडल्या.

चंपतराव माठाकडं धावले, आणि तिथून कूलरकडं पाहू लागले.

"जरा विचार करा," रामाजी गंभीरपणे म्हणाले. "तिथं एक माणूस आहे, इथं आपण तिघं. कूलर बंद पडला तर बैठक मोडते. अन् या बैठकीवर हजारोंचं भलं अवलंबून आहे."

चंपतराव क्षणभर थांबले. म्हणणं अगदी त्यांच्याच कसोट्यांना धरून होतं, आणि म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली. त्यांनी टाकीत बादली बुडवली आणि धावत जाऊन नत्थूच्या डोक्यावर ओतली. जिजाबाईंनी शेजारून पिण्याचं पाणी आणलं, थोडं थोडं पाजलं. बऱ्याच वेळानं नत्थूनं डोळे उघडले.

"बाई," तो म्हणाला, "मी सकाळपासून याच रांजणाच्या भरवशावर चालवून राहिलो होतो."

रामाजी आणि बाबाराव चपला शोधू लागले. चंपतराव शेजारच्या विहिरीवरून पाणी आणून रांजणात ओतू लागले.

"कशाची बैठक होती?" जिजाबाईंनी विचारलं.

"दुःख निवडायची. मोठं पाहिजे, अन् आपल्या हातून हटणारं पाहिजे."

"मोठं तर माहं बी आहे," जिजाबाई म्हणाल्या. "हटणारं नाही, म्हणून कोणाले सांगत नाही."

चंपतरावांना वाटलं, ती आपल्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल बोलते आहे. पण गुडघे दोन होते, आणि ती एकाकडंच पाहत होती : त्यांच्याकडं.