चिमणीच्या गोतावळ्यातला पाहुणा

एका जंगलात, बाळांनो, वारा पडलेला असताना नेच्याचं एकच पान हललं.

बाकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शेवंताला वाटलं. शेवंता म्हणजे पाला खाणारी एक तरुण डायनासोर. चांगली शिकलेली, पण स्वतःची शेपटी पायाला लागली तरी दचकायची. घरट्यात तिची पहिलीवहिली अंडी होती. त्यांना सोडून तिला पळवत नव्हतं आणि एकटीने राखवतही नव्हतं.

पानामागे तिला एक पाय दिसला. बोटाला विळ्यासारखं नख.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं की! पण तिथे तसं चालत नसे. मागे एकदा कुणीतरी "शिकारी आला!" म्हणून ओरडलं. सगळा कळप धावत सुटला आणि चिखलात रुतला. पाहुणा निघाला शुद्ध शाकाहारी! तेव्हापासून नियमच झाला. आधी वर्गीकरण मंडळाने गट ठरवायचा, मग कळपाने मदतीला यायचं.

मंडळ ओढ्यापलीकडेच बसलं होतं.

"आबासाहेब, लवकर या हो! घरट्यापाशी कुणीतरी आहे!"

"'कुणीतरी' असा गट नाही, बाई," आबासाहेब म्हणाले. त्यांची कवटी वीतभर जाड होती, म्हणून ते अध्यक्ष होते.

"दात करवतीसारखे आहेत हो!"

"दातांवरून गट ठरवणं आम्ही सोडलं," प्राध्यापक लांबमाने म्हणाले. "आता नात्यावरून ठरवतो. डोंगरापलीकडचा तो अजस्र शिकारी जबडेबुवा आहे ना, त्याच्यापेक्षा जो चिमणीला जवळचा, तो चिमणीच्या गटात. त्याचं मनगट पंखासारखं दुमडतं का, बघ."

मनगट बघायला शेवंताला पुढे जावं लागलं. "दुमडतं! आणि अंगावर पिसंसुद्धा आहेत!"

"पिसं!" मंडळाला कोण आनंद झाला. "मग मिटलं की! चिमणीच्या गोतावळ्यातला आहे. चिमणी कुणाला खाते का?"

"किडे खाते ना!"

"तू किडा आहेस का?"

शिकलेली असल्यामुळे शेवंताने क्षणभर खरोखरच विचार केला.

चिमणीही मंडळावर होती. पण व्याख्या ऐकताच ती सगळ्यात उंच फांदीवर जाऊन बसली होती. आपले नातेवाईक तिला ठाऊक होते.

"अहो, नख हलतंय!"

"कितव्या बोटाचं?" लांबमाने म्हणाले. "नीट सांग हं, त्यावर मतभेद आहेत."

शेवंताने नियम गुंडाळून ठेवला. अंड्यांवर अंग पसरलं, डोळे घट्ट मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "अरे, कुणी आहे का रे? कुणीतरी या ना!"

कळपाने मंडळाकडे बघितलं. मंडळ नखावर वाद घालत होतं.

आणि मग अगदी कानाशी, फार आपुलकीने, कुणीतरी ओ दिली.

"आलो हं, ताई."

तात्पर्य: कुणालाही शिकारी म्हणण्याआधी त्याच्या नात्यागोत्याची नीट चौकशी करावी. तो चांगल्या घराण्यातला निघाला, तर निदान आपण कुणाच्या तोंडी गेलो याचं समाधान तरी राहतं.